पितळेत तांबं किती? कलरीमीटरच्या आकड्यापासून टक्क्यांपर्यंत

मोडवाल्याकडे तांब्याचा भाव वेगळा, पितळेचा वेगळा. तो भांडं हातात घेतो, कानशीनं एक कड घासतो, आतला रंग बघतो आणि भाव सांगून मोकळा होतो. लालसर दिसलं की तांबं जास्त, पिवळं दिसलं की जस्त जास्त. सोनाराचंही तेच. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा, शेजारी जिचा कस ठाऊक आहे अशी सळई घासायची आणि दोन रेघांचे रंग ताडून बघायचे. ‘बावनकशी’ हा शब्द आपण माणसांनाही लावतो, पण मुळात तो या दगडाजवळचा.

प्रयोगशाळेत पितळेतलं तांबं मोजताना आपण याहून फार वेगळं काही करत नाही. तिथेही रंगच बघायचा आणि ठाऊक असलेल्या रंगाशीच ताडायचा. फक्त धातू आधी ॲसिडमध्ये विरघळवून घ्यायचा आणि डोळ्याच्या जागी कलरीमीटर, म्हणजे द्रावणातून किती प्रकाश पार होतो ते मोजणारं यंत्र, बसवायचा. बी.एस्सी.च्या मुलांकडून हे प्रॅक्टिकल करून घेताना मला दरवर्षी एकच गोष्ट दिसते. मुलं यंत्रापाशी अडत नाहीत, आलेख काढतानाही अडत नाहीत. यंत्र म्हणतं ०.५१७, वहीत ते नीट लिहिलं जातं, आणि मग पेन थांबतं. या आकड्यावरून ‘पितळेत ६३ टक्के तांबं’ असं म्हणायचं कसं?

आधी ०.५१७ म्हणजे काय ते बघू.

रंगीत द्रावणात प्रकाश शिरला की प्रत्येक थर त्यातला काही भाग खातो. पण ठरावीक प्रमाण खातो, ठरावीक रक्कम नाही. समजा एक थर निम्मा प्रकाश खातो. आत शंभर भाग गेले तर पहिल्या थरानंतर ५० उरले. दुसरा थर त्या ५०चे निम्मे खाईल, उरले २५. तिसऱ्यानंतर साडेबारा. थर एकेक करून वाढताहेत, प्रकाश मात्र दर वेळी निम्मा होतोय. आपल्याला थर मोजायचेत, म्हणजे थरांबरोबर सरळ वाढत जाणारा आकडा हवा. तो मिळतो लॉगॅरिदम घेतल्यावर, आणि त्यालाच ॲब्सॉर्बन्स म्हणायचं. निम्मा प्रकाश पार झाला तर ॲब्सॉर्बन्स ०.३०१. असे दोन थर असतील तर ०.६०२. दहा टक्के पार झाला तर १, एकच टक्का पार झाला तर २. आपला ०.५१७ म्हणजे शंभरातले साधारण ३० भाग पलीकडे पोचले, बाकीचे द्रावणानं ठेवून घेतले.

थराच्या जाडीचा हा हिशेब बूगे यांनी १७२९ मध्ये आणि लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये मांडला. द्रावणाच्या तीव्रतेचा, म्हणजे त्यात पदार्थ किती दाट विरघळलाय याचा, भाग त्यात आला तो १८५२ मध्ये, बीअर यांच्या कामातून. बीअरचा नियम घरी बघायचा असेल तर सरळ बाजूंच्या काचेच्या पेल्यात अर्धा पेला कोकम सरबत घ्या आणि पेला पांढऱ्या कागदावर ठेवा. आता वरून पाणी घालून पेला भरा आणि ढवळा. बाजूनं बघितलं तर सरबत फिकं झालेलं दिसेल. पण वरून तळाकडे बघा, रंग जवळपास पहिल्याइतकाच गडद दिसेल. डोळ्यापासून तळापर्यंतच्या वाटेत रंगाचे रेणू तेवढेच आहेत, त्यांना फक्त दुप्पट उंचीत पसरायला मिळालंय. ॲब्सॉर्बन्स वाटेतले रेणू मोजतो, म्हणजे तीव्रता गुणिले वाटेची लांबी. क्युव्हेटमध्ये, म्हणजे द्रावण भरून यंत्रात ठेवायच्या छोट्या पारदर्शक डबीत, ती लांबी एक सेंटिमीटर अशी पक्की असते. मग आकडा बदलला तर तो तीव्रतेमुळेच.

आता रंगाचं बघू. तांब्याचं साधं पाण्यातलं द्रावण फिकट आकाशी असतं. ते सर्वांत जास्त प्रकाश शोषतं ८०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या पलीकडे. कॉलेजातल्या साध्या कलरीमीटरला तिथवर पोचता येत नाही. म्हणून त्यात अमोनिया घालायचा. पहिले काही थेंब पडले की फिकट निळा साका तयार होतो आणि नवखा विद्यार्थी घाबरतो. अजून अमोनिया घातला की तो साका विरघळतो आणि फ्लास्कमध्ये गडद जांभळट निळा रंग उतरतो. कितीही वेळा बघितलं तरी मला ते बघायला आवडतं. तांब्याभोवतीचं पाणी हटवून अमोनिया बसला, शोषणाची जागा ६०० नॅनोमीटरच्या आसपास सरकली आणि रंग चार-पाच पट गडद झाला. जस्ताचं द्रावण अमोनियातही रंगहीन राहतं, त्यामुळे ते मध्ये येत नाही. या रीतीची सगळी सोय याच एका गोष्टीवर उभी आहे.

यंत्रातला फिल्टर, म्हणजे ठरावीक रंगाचाच प्रकाश पुढे सोडणारी काच, मात्र नारिंगी-लाल बाजूचा लावायचा. निळ्या द्रावणाला निळा फिल्टर लावणारा एक तरी जण प्रत्येक बॅचमध्ये निघतोच. द्रावण निळं दिसतं कारण ते निळा प्रकाश सोडून देतं. जे ते सोडून देतं ते मोजून काय मिळणार? ते जे खातं, ते मोजायचं.

पितळ विरघळवायला नायट्रिक ॲसिड लागतं. तपकिरी धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. छातीला फार वाईट, म्हणून हे काम धुराच्या कपाटातच करायचं. घरी करून बघायची ही गोष्ट नाही. धातू संपला तरी द्रावण थोडा वेळ उकळत ठेवायचं, म्हणजे विरघळलेला तपकिरी वायूही निघून जाईल. 

आता प्रत्यक्ष हिशेब. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतलेत, पण टेबलावर साधारण असेच येतात.

पितळेचा कीस तोलला: ०.५०१२ ग्रॅम, म्हणजे ५०१.२ मिलिग्रॅम. तो विरघळवून १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये घेतला आणि खुणेपर्यंत पाणी भरलं. यातलं १० मिली पिपेटनं काढून ५० मिलीच्या दुसऱ्या फ्लास्कमध्ये टाकलं, १० मिली तीव्र अमोनिया घातला आणि पुन्हा खुणेपर्यंत पाणी भरलं. क्युव्हेटमध्ये जातं ते या दुसऱ्या फ्लास्कमधलं द्रावण. ही वाट लक्षात ठेवा, परत याच वाटेनं यायचंय.

ताडायला ठाऊक असलेलं तांबं हवं. बहुतेक ठिकाणी मोरचूद वापरतात आणि मग मोल, रेणुभार, ६३.५५ अशी सगळी वरात निघते. मोरचुदानं काही बिघडत नाही, पण शुद्ध तांब्याची तार मिळत असेल तर मी तीच घेतो. ०.५००० ग्रॅम तार, तसंच नायट्रिक ॲसिड, तसाच १०० मिलीचा फ्लास्क. म्हणजे दर मिलीत ५ मिलिग्रॅम तांबं. यातलं २, ४, ६, ८ आणि १० मिली पाच वेगवेगळ्या ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्यायचं, सगळ्यांत अमोनिया सारखाच, १० मिली, आणि खुणेपर्यंत पाणी. आता दर मिलीत ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १.० मिलिग्रॅम तांबं झालं. मोलचं नावच काढायला नको, कारण विचारलंय ते वजनाच्या टक्क्यांत.

अमोनिया सगळीकडे सारखा हवा यावर मी फार जोर देतो. तांब्याभोवती किती अमोनिया बसतो ते अमोनियाच्या प्रमाणावर ठरतं आणि रंगाची छटा त्यावर ठरते. एका फ्लास्कमध्ये पाच मिली आणि दुसऱ्यात दहा घातलं तर तुम्ही दोन वेगळे पदार्थ ताडताय. मे महिन्यात तर बूच उघडं ठेवून गप्पा मारत बसलं तरी अमोनिया उडून जातो.

तांबं न घातलेलं, फक्त अमोनिया आणि पाणी असलेलं द्रावण ठेवून यंत्र शून्यावर आणलं. मग पाच द्रावणांचे आकडे घेतले: ०.१६३, ०.३२९, ०.४९०, ०.६५५, ०.८१८. आलेखाच्या कागदावर आडवी तीव्रता, उभा ॲब्सॉर्बन्स. पाचही टिंबं एका रेषेवर येतात आणि रेषा जवळजवळ शून्यातून जाते. तिचा चढ ०.८१८. म्हणजे दर मिलीत एक मिलिग्रॅम तांबं असेल तर ॲब्सॉर्बन्स ०.८१८. सोनाराच्या ठाऊक कसाच्या सळया त्या ह्याच, फक्त एका ओळीत उभ्या केलेल्या.

पितळेच्या द्रावणाचा आकडा आला ०.५१७. तो रेषेच्या मधल्या भागात पडतोय, हे चांगलं झालं. तो १.३ आला असता तर रेषा पुढे ताणायची नाही, द्रावण पातळ करून पुन्हा मोजायचं.

आता परतीची वाट. ०.५१७ भागिले ०.८१८ म्हणजे ०.६३२. क्युव्हेटमधल्या दर मिलीत ०.६३२ मिलिग्रॅम तांबं आहे. क्युव्हेटमधलं द्रावण आलं ५० मिलीच्या फ्लास्कमधून, तेव्हा त्या फ्लास्कमध्ये एकूण तांबं ०.६३२ गुणिले ५०, म्हणजे ३१.६ मिलिग्रॅम. हे सगळं तांबं त्यात आलं कुठून? पिपेटनं काढलेल्या १० मिलीतून. पाण्यात नव्हतं, अमोनियात नव्हतं. म्हणजे पहिल्या फ्लास्कमधल्या १० मिलीत ३१.६ मिलिग्रॅम होतं, तर पूर्ण १०० मिलीत ३१६. आणि त्या १०० मिलीत तांबं आलं ते तोललेल्या किसातून. ५०१.२ मिलिग्रॅम पितळ, त्यात ३१६ मिलिग्रॅम तांबं. भागून शंभरानं गुणलं की ६३.०५.

प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा: हे तांबं इथं कुठून आलं? सूत्र पाठ करणारी मुलं ‘डायल्यूशन फॅक्टर (किती पट पातळ केलं तो आकडा) गुणायचा की भागायचा’ या घोळात पडतात. हा प्रश्न विचारणाऱ्यांना तसं होत नाही. पाणी घातल्यानं तांबं वाढत नाही आणि कमीही होत नाही, एवढं धरून चाललं की फ्लास्कमागे फ्लास्क उलटं जाता येतं.

उलट दिशेनंही जाता येतं आणि मला ते जास्त आवडतं. तांबं मागे नेण्याऐवजी पितळच पुढे आणायचं. ५०१.२ मिलिग्रॅम पितळ १०० मिलीत, म्हणजे दर मिलीत ५.०१२. त्यातलं १० मिली ५० मिली केलं, म्हणजे पाचपट पातळ: दर मिलीत १.००२४ मिलिग्रॅम पितळ. क्युव्हेटमध्ये दर मिलीत १.००२४ मिलिग्रॅम पितळ आहे आणि त्यात तांबं ०.६३२. उत्तर तेच, ६३.०५. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला तर हिशेबात चूक नाही. वेगळा आला तर कुठंतरी एक फ्लास्क विसरलाय.

आणि विसरला तर काय होतं? दुसरा फ्लास्क डोक्यातून गेला असं धरा. मूल ०.६३२ ला थेट १०० मिलीनं गुणतं आणि ६३.२ मिलिग्रॅम काढतं. भागिले ५०१.२, उत्तर १२.६ टक्के. आता गंमत बघा, वाटेत ‘६३.२’ हा आकडा दिसला, आणि पितळेत साधारण ६३ टक्के तांबं असतं हे कुणीतरी कानात सांगितलेलं असतं. मग पुढचा भागाकार गाळून ‘६३.२ टक्के’ असं जर्नलमध्ये उतरतं. उत्तर जवळपास बरोबर, रीत साफ चुकलेली. मी हे तीनदा पकडलंय. याला कारण आमचेच आकडे आहेत: अर्धा ग्रॅम पितळ, १०० मिली आणि पाचपट पातळ, म्हणून क्युव्हेटमध्ये पितळ दर मिलीला एक मिलिग्रॅम येतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला वेगळं वजन घ्यायला लावतो.

आता ६३.०५ मधला तो ०५. तो लिहायचा नाही. साध्या कलरीमीटरचा आकडा एवढ्या-तेवढ्यानं, म्हणजे ०.००३ नं, सहज इकडेतिकडे होतो. ०.५१७ मध्ये ०.००३ म्हणजे अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त, आणि ६३वर त्याचा परिणाम साधारण ०.४. मग पिपेट, फ्लास्कची खूण आणि आलेखाचा चढ यांच्या चुका वेगळ्याच. ‘६३.०, अर्धा टक्का मागेपुढे’ हे प्रामाणिक उत्तर. कॅल्क्युलेटरवर आठ आकडे दिसतात म्हणून आठ उतरवायचे नसतात. कलरीमीटर साधारण ०.२ ते ०.८ या पट्ट्यात वापरावा तो याचसाठी. फार फिक्या द्रावणात ०.००३ची चूक मूळ आकड्याच्या मानानं मोठी ठरते, आणि फार गडद द्रावणात पलीकडे प्रकाशच इतका थोडा पोचतो की यंत्र चाचपडायला लागतं. क्युव्हेटवरचा बोटाचा ठसाही यंत्राला तांब्यासारखाच दिसतो. म्हणून क्युव्हेट धरायचं ते खरखरीत बाजूंनी आणि बाहेरून पुसून ठेवायचं.

एका वर्षी एका मुलीनं घरातल्या जुन्या पितळी पातेल्याचा तुटलेला काठ आणला होता. आजीचं पातेलं, मोडीत जायच्या आधी त्याचा कस काढू म्हणून. कल्पना मलाही आवडली. ॲसिड घातलं, धातू गेला, पण द्रावण पांढरट गढूळ राहिलं, कितीही उकळलं तरी. मी ॲसिडच्या बाटलीवर संशय घेतला, पाण्यावर घेतला. अर्धा तास असाच गेला. मग तीच म्हणाली, “सर, आतून कल्हई होती ना त्याला.” कल्हई म्हणजे कथील, आणि कथील नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळत नाही, त्याचा पांढरा ऑक्साइड होऊन बसतो. पांढरी गढूळता प्रकाश शोषत नाही, पण इकडेतिकडे विखुरते. पलीकडचा डिटेक्टर फक्त ‘प्रकाश कमी आला’ एवढंच सांगतो, कशामुळे ते सांगत नाही. परिणामी तांबं उगाच जास्त दिसतं. पुढच्या वेळी तिनं दोन्ही बाजू कानशीनं पिवळ्या होईपर्यंत घासून आणल्या आणि कीस घेतला तो मधला.

गढूळता डोळ्याला दिसते तरी. खरा धोका न दिसणाऱ्या भेसळीचा. लोखंड असलं तर अमोनिया घालताच तपकिरी साका बसतो, गाळून टाकता येतो. शिसंही पांढरा साका देतं. निकेल मात्र अमोनियात स्वतःच निळं-जांभळं होतं आणि तांब्यात बेमालूम मिसळतं. म्हणून निकेल असलेल्या जर्मन सिल्व्हरचा चमचा या रीतीनं मोजायचा नाही. ‘पाच रुपयांचं नाणं टाकू का?’ असं कुणीतरी विचारतंच. निकेल-ब्रासच्या नाण्यात निकेल आहे हे एक कारण, आणि नाणं वितळवायला किंवा नष्ट करायला २०११च्या नाणे कायद्यानं मनाई आहे हे दुसरं. नळाचा जुना स्क्रू आणा म्हणावं.

हीच रीत पोलादातलं मँगनीज मोजायलाही चालते, पण तिथला मामला उलटा आहे. पितळेत तांबं निम्म्याहून जास्त आणि रंग तसा फिका. पोलादात मँगनीज बऱ्याचदा एक टक्क्याच्या आतबाहेर. मग परआयोडेट घालून त्याचं परमँगनेट करतात. तो जांभळा रंग तांबं-अमोनियाच्या निळ्याहून कित्येक पट गडद, ५२५ नॅनोमीटरला मोजायचा, त्यामुळे एवढंसं मँगनीजही पुरतं. फेरिक लोखंडाचा पिवळेपणा फॉस्फोरिक ॲसिडनं घालवतात. आणि यंत्र शून्यावर आणायला, म्हणजे ब्लँक म्हणून, पाणी न घेता त्याच पोलादाचं परआयोडेट न घातलेलं द्रावण ठेवतात, म्हणजे उरलेल्या धातूंचा जो काही रंग असेल तो आपोआप वजा होतो. परतीची वाट मात्र तीच: क्युव्हेट, दुसरा फ्लास्क, पिपेट, पहिला फ्लास्क, तोललेला तुकडा.

पातेल्याचं उत्तर ६३च्या आसपास आलं तेव्हा त्या मुलीनं लगेच खाली लिहिलं, ‘जस्त ३७ टक्के’. ते मी खोडायला लावलं. उरलेल्या ३७मध्ये जस्त आहेच, पण थोडं शिसं असेल, थोडं लोखंड असेल, आणि आपली अर्ध्या टक्क्याची चूकही तिथेच जाऊन बसलीय. जस्त रंगहीन, कलरीमीटरला ते दिसतच नाही. त्यासाठी तांबं आधी बाजूला काढून ईडीटीए नावाच्या रसायनाचं टायट्रेशन, म्हणजे ते थेंबथेंब घालून किती लागलं त्यावरून मोजणी, करावं लागतं, आणि ते आमच्याकडे पुढच्या आठवड्यात, गुरुवारच्या बॅचला.